जनगणनेची तात्पुरती नोकरी: अर्ज देऊन महिने झाले, उत्तर नाही. आता काय?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणारे तालुक्याच्या गावी राहणारे पदवीधर आहेत. बी.कॉम., एमएस-सीआयटी, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसचं टायपिंग. जनगणनेत हजारो तात्पुरत्या जागा आहेत असं ऐकून त्यांनी तहसील कार्यालयात अर्ज दिला, मोबाइलवर आलेल्या एका लिंकवर ‘नोंदणी शुल्क’ भरलं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एका मनुष्यबळ एजन्सीकडे कागदपत्रांचा संच देऊन आले. तिन्हीकडे सामसूम. शेजारचे गुरुजी मात्र प्रगणकाची, म्हणजे घरोघरी जाऊन मोजणी करण्याची, ड्युटी रद्द करून घ्यायला वैद्यकीय दाखल्याच्या मागे आहेत. अमेरिकेतल्या मावसभावाला २०२० मध्ये ऑनलाइन अर्जावर असंच काम मिळालं होतं, मग आपल्याकडेच हा घोळ का, असा त्यांचा सवाल आहे. आणि शेवटी विचारलंय की थांबायचं, की हातात आलेली दुकानातली हिशोबाची नोकरी धरायची?

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. २००१ च्या जनगणनेला तहसीलमध्ये अव्वल कारकून होतो, २०११ ला नायब तहसीलदार म्हणून चार्ज कार्यालयाचं, म्हणजे तालुक्याची जनगणना चालवणाऱ्या कार्यालयाचं, रोजचं काम माझ्याकडे होतं. तुमच्यासारख्यांचे अर्ज टेबलाच्या या बाजूने पाहिलेत, त्यामुळे त्यांचं पुढे काय होतं ते सांगू शकतो.

तुमचा वैताग खरा आहे. पण तुम्ही जिला भरती समजताय, ती तलाठी किंवा पोलीस भरतीसारखी भरती नाही. जाहिरात, अर्ज, छाननी, गुणवत्ता यादी हा क्रम इथे नसतोच. जनगणनेच्या नावाखाली तीन प्रकारची कामं चालतात, तिन्हींची माणसं तीन वेगळ्या वाटांनी येतात, आणि त्यातली एकही वाट तहसीलच्या आवक खिडकीतून जात नाही. तुम्ही उभे आहात ती रांगच खिडकीपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी कुठल्या कामाबद्दल बोलतोय ते ठरवू.

पहिलं काम घरोघरी फिरण्याचं, म्हणजे प्रगणक आणि पर्यवेक्षक. यासाठी बाहेरून अर्ज मागवले जात नाहीत. जनगणना अधिनियम १९४८ आणि त्याखालचे १९९० चे नियम यांनुसार प्रगणक म्हणून शिक्षक, कारकून किंवा राज्य शासनाचे आणि स्थानिक संस्थांचे कर्मचारी नेमले जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलंय, पण त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यात दशवार्षिक जनगणना आहे, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांच्या जोडीला. त्यामुळे गुरुजींची सुटका अवघड. नेमणूक झाल्यावर कामाला नकार दिला तर एक हजारापर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिक्षा होताना मी कधी पाहिली नाही, नोटीस काढताना मात्र पुष्कळदा पाहिली.

‘ज्याला नको त्याला जबरदस्तीने, ज्याला हवं त्याला दार बंद’ हे तुमचं वाक्य मनाला लागलं. पण त्यामागचा विचारही समजून घ्या. प्रगणक लोकांच्या घरात जाऊन त्यांची वयं, नाती, आणि या खेपेला दुसऱ्या टप्प्यात जातसुद्धा विचारणार. जनगणना अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे ही माहिती गोपनीय आहे, न्यायालयातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. अशी माहिती ज्याच्या हातात द्यायची त्याच्यावर शासनाची पकड असावी लागते. ज्याची नोकरी, वेतनवाढ, पेन्शन खात्याच्या हातात आहे त्याने आपला गट, म्हणजे नेमून दिलेली वस्ती, अर्धा टाकला तर त्याला जाब विचारता येतो. महिन्याभरासाठी आलेला मुलगा दहाव्या दिवशी फोन बंद करून पुण्याला गेला तर चार्ज अधिकारी काय करणार? एका प्रगणकाकडे साधारण सातशे ते आठशे लोकवस्ती असते, सहा प्रगणकांवर एक पर्यवेक्षक असतो, आणि गळती धरून दहा टक्के माणसं राखीव ठेवतात. देशभरात ही फौज तीस लाखांच्या घरात जाते. एवढी माणसं नव्याने निवडून, पडताळून, त्यांना पैसे देऊन नंतर सोडून द्यायची, हे आपल्या यंत्रणेला झेपणारं नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर मोठ्या शहरांत, जिथे शिक्षक कमी आणि इमारती जास्त, तिथे स्थानिक पदवीधरांना निदान मदतनीस म्हणून घ्यायला हरकत नव्हती. पण ते माझं मत झालं, नियम नाही.

तुमच्या मावसभावाचं उदाहरण इथे लागू होत नाही ते याचमुळे. अमेरिकेत जनगणनेसाठी सरकार थेट बाहेरची लाखो माणसं काही आठवड्यांसाठी घेतं, ताशी मजुरी देतं, आणि आधी बोटांचे ठसे घेऊन पार्श्वभूमी तपासतं. तिथे अर्ज हेच दार आहे. आपल्याकडे गावोगावी शाळा आणि शाळेत शासनाचा माणूस आधीच हजर आहे, म्हणून पूर्वापार त्यालाच कामाला लावलं जातं.

दुसरं काम जनगणना संचालनालयाच्या स्वतःच्या कार्यालयांतलं. तिथे नियमित पदं केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाकडून किंवा प्रतिनियुक्तीने भरतात. ते सध्या तुमच्या कामाचं नाही, सोडून देऊ.

तिसरं काम तुमचं. चार्ज कार्यालयात म्हणजे तहसील, नगरपालिका किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात संगणकावर बसणारी तांत्रिक माणसं. केंद्रीय मंत्रिमंडळाने १२ डिसेंबर २०२५ ला जनगणना २०२७ साठी ११,७१८ कोटींची मंजुरी दिली, तेव्हा सुमारे १८,६०० तांत्रिक मनुष्यबळ साधारण ५५० दिवसांसाठी घेतलं जाईल असं सांगितलं होतं. तुमच्या कानावर आलेल्या ‘हजारो जागा’ त्या याच. त्याच निवेदनात १ कोटी २ लाख मनुष्यदिवस असाही आकडा होता. तो १८,६०० ला ५५० ने गुणून आलेला आहे, पण गावगप्पांत त्याचं ‘एक कोटी नोकऱ्या’ झालं.

आता हा आकडा तालुक्यापर्यंत खाली आणून बघा. २०११ च्या जनगणनेत देशात ५,९२४ उपजिल्हे, म्हणजे आपल्या भाषेत तालुके होते. त्यानंतर वाढलेतच. शिवाय महापालिका, नगरपालिका, जिल्हा आणि राज्य पातळीची कार्यालयं. १८,६०० त्यांच्यात वाटले तर एका तालुक्याच्या वाट्याला दोन, फार तर तीन खुर्च्या येतात. आपल्या राज्यात ३५८ तालुके आहेत. तुमच्या तालुक्यात एमएस-सीआयटी आणि टायपिंग झालेले पदवीधर किती, हे तुम्हीच मोजा. तुमचा नंबर लागला नाही याचा अर्थ तुम्ही कमी पडलात असा नाही.

जागा इतक्या थोड्या का, हेही एकदा कळू द्या, कारण त्यावरूनच पुढचं ठरतं. जुन्या जनगणनांमध्ये माणसं लागायची ती मोजणी झाल्यावर. १९९१ पर्यंत गोळा झालेल्या पत्रकांवर सांकेतिक क्रमांक घालणं, जुळणी, कोष्टकं ही कामं शेकडो हंगामी माणसं एका छपराखाली बसून करायची. २००१ ला पहिल्यांदा पत्रकं स्कॅन करून यंत्राने अक्षरं वाचायला सुरुवात झाली आणि ती फौज आटली. २०११ लाही आम्ही पत्रकांचे गठ्ठे सुतळीने बांधून, गटनिहाय चिठ्ठी लावून, मोजून पाठवले, पण ती वाचायला यंत्रंच होती. या खेपेला तर प्रगणक मोबाइलच्या ॲपमध्येच माहिती भरतो, आणि लोकांना हवं तर स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे. नोंद करायला कागदच उरला नाही तर ‘डाटा एन्ट्री ऑपरेटरच्या जंबो जागा’ कुठून येणार? अशी जाहिरात फिरत आली तर एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा.

मग या दोन-तीन खुर्च्या भरतात कशा? बहुतेक ठिकाणी एजन्सीमार्फत. जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त हे आपापल्या क्षेत्राचे प्रमुख जनगणना अधिकारी असतात. त्यांच्याकडून मनुष्यबळ पुरवठादाराला मागणी जाते: इतकी माणसं, अमुक पात्रता, अमुक दर. कुठे नवी निविदा निघते, कुठे जिल्ह्यात आधीच काम करणाऱ्या एजन्सीला आदेश दिला जातो. हे जिल्ह्यागणिक वेगळं असतं, त्यामुळे तुमच्या जिल्ह्यात नेमकं काय झालं हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. मागणी येते तेव्हा तहसीलदाराला माणूस परवा हवा असतो. निवडणूक शाखेत किंवा सेतूत आधीपासून कंत्राटावर असलेला, पासवर्ड कुठे असतो आणि कोणत्या साहेबाला कसा अहवाल लागतो हे माहीत असलेला मुलगा समोर दिसत असतो. एजन्सीला त्याचंच नाव सुचवलं जातं. वशिला म्हणा हवं तर. माझ्या दृष्टीने तो बऱ्याचदा आळस असतो, आणि थोडी भीतीही की नवा माणूस ऐन मोक्याला अडकला तर काय.

आणि तुमचा अर्ज? तो बारनिशीत नोंदला गेला, त्याला आवक क्रमांक पडला, जनगणना संकलनाच्या टेबलावर गेला. तिथल्या कारकुनाकडे असे अर्ज ठेवायला फाइल असते, पण त्यावर कारवाई करायचा अधिकार नसतो, कारण पद भरणारा तो नाही. काही दिवसांनी त्यावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा पडतो, म्हणजे कारवाई न होता तो फाइलबंद होतो. उत्तर पाठवायला हवं होतं हे खरं. चार ओळींचं पत्र, ‘या कार्यालयामार्फत थेट भरती होत नाही, अमुक एजन्सीशी संपर्क साधावा’, एवढं पुरलं असतं. ते होत नाही, आणि त्यावर माझ्याकडे काही समर्थन नाही.

लिंकवर भरलेल्या पैशांबद्दल. ते फसवणुकीचेच आहेत असं धरून चाला. जनगणनेच्या कुठल्याही तात्पुरत्या कामासाठी उमेदवाराने शुल्क भरायचं नसतं. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका. त्या लिंकवर तुम्ही आधार आणि बँक खात्याचे तपशील दिले असतील तर धोका शुल्कापेक्षा मोठा आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो का, हे एकदा बघायची सवय लावा. नावात ‘जनगणना’ आणि वर अशोकस्तंभ असला म्हणजे ते सरकारी होत नाही.

आता एजन्सी. तुम्ही कागदपत्रं दिलीत ती एजन्सी तुमच्या जिल्ह्याचं जनगणनेचं काम बघते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? प्रश्नात ते नाही, आणि मला वाटतं इथेच खरी गाठ आहे. कित्येक एजन्सी कंत्राट मिळण्याआधीच बायोडेटा जमवून ठेवतात. ‘यादी वर पाठवली आहे’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तेव्हा उलट्या बाजूने या. आधी कार्यालयात जाऊन एजन्सीचं नाव काढा, मग एजन्सीकडे जा. जिल्हाधिकारी कार्यालयात जनगणनेचं काम कोणाकडे आहे ते विचारा, तिथल्या अव्वल कारकुनाला गाठा, सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर. ‘मला नोकरी द्या’ असं म्हणू नका. ‘तांत्रिक मनुष्यबळाचा कार्यादेश कोणत्या संस्थेला दिलाय?’ एवढंच विचारा. पहिल्या प्रश्नाला तो माणूस कंटाळलेला असतो, दुसऱ्याचं उत्तर त्याच्या फाइलमध्ये असतं. शासकीय खरेदीच्या जेम पोर्टलवर मनुष्यबळाच्या निविदा उघड दिसतात, त्यातही शोधून बघा. निविदेच्या कागदांत संख्या, पात्रता आणि कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं, आणि उमेदवाराकडून पैसे घेऊ नयेत अशी अटही साधारणपणे असते.

तोंडी सांगितलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. एजन्सीचं नाव, कार्यादेशाची प्रत, मंजूर संख्या आणि प्रति व्यक्ती मंजूर दर, एवढंच मागा. लोकांची माहिती गोपनीय असते, कंत्राट गोपनीय नसतं. मात्र उत्तराला तीस दिवस लागतात, म्हणून हा मार्ग दुसरा.

योग्य एजन्सी सापडली की पुढचा प्रश्न: दहा जणांत तुम्हाला का घ्यावं? टायपिंगचं प्रमाणपत्र सगळ्यांकडे असतं. चार्ज कार्यालयातलं काम प्रत्यक्षात काय असतं ते सांगतो, म्हणजे काय शिकून जायचं ते कळेल. जनगणनेच्या व्यवस्थापनाचं एक पोर्टल आहे. त्यावर प्रत्येक प्रगणक-पर्यवेक्षकाचं नाव, मोबाइल, पद चढवायचं, गट नेमून द्यायचे, नियुक्तीपत्रं काढायची, प्रशिक्षणाची हजेरी घ्यायची, मोजणी सुरू झाली की कोणाचा गट किती झाला ते रोज बघायचं. ओटीपी येत नाही, ॲप उघडत नाही, दुसऱ्याचाच गट दिसतो, असे फोन सकाळी सातपासून. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त भांडणाचं: मानधनासाठी बँक तपशील.

त्या तपशिलाच्या तक्त्यात माणसं कशी फसतात ते बघण्यासारखं असतं. शाळांकडून एक्सेलच्या फायली येतात. खाते क्रमांकाच्या रकान्याला ‘टेक्स्ट’ केलेलं नसतं, त्यामुळे सुरुवातीची शून्यं एक्सेल खाऊन टाकतं, आणि क्रमांक लांब असला की ‘३.२१ ई+१५’ असलं काहीतरी दिसतं. पंधरापेक्षा जास्त आकडे असले तर पुढच्या आकड्यांचं तो शून्य करून टाकतो, मग मूळ क्रमांक परत मिळतच नाही, पासबुकच मागवावं लागतं. देना बँक बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. लोक मात्र जुन्या पासबुकावरचा आयएफएससी लिहून देतात. एका तालुक्यात ‘पाटील एस. बी.’ नावाचे तीन शिक्षक निघतात. त्यात मे महिन्यात बदल्या होतात, कोणी जूनअखेर निवृत्त होतो. ज्याला हा तक्ता दुहेरी नोंदी काढून, व्हीलूकअप लावून, पहिल्या झटक्यात स्वच्छ करता येतो त्याला चार्ज कार्यालय सोडत नाही. मुलाखतीला गेलात तर हेच बोला. ‘मला एक्सेल येतं’ असं सगळेच म्हणतात. ‘खाते क्रमांकाचा रकाना आधी टेक्स्ट करून घेतो’ असं म्हणणारा उमेदवार भेटला तर मी तिथेच होकार दिला असता. नकाशावर गटाची हद्द वाचता येणं ही दुसरी जमेची गोष्ट. तुम्ही गावचेच आहात, वाड्या-वस्त्यांची नावं तोंडपाठ असतील, ते सांगायला लाजू नका.

समजा बोलावणं आलं. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली, नियुक्तीपत्र एजन्सीच्या लेटरहेडवर, कालावधी आणि मासिक रक्कम लिहून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे, तेव्हा ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे ऐकून घेऊ नका. दुसरी, कपाती. पीएफ कापत असतील तर यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा क्रमांक, आणि पगार दरमहा २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा क्रमांक. यूएएन मिळाला की पासबुकात रक्कम खरंच जमा होते का ते स्वतः पाहा. कापलेली आणि भरलेली रक्कम यांत तफावत असल्याची प्रकरणं मी डोळ्यांनी बघितली आहेत. तिसरी, पगार कधी. एजन्सी सांगते ‘शासनाकडून बिल आलं की’. शासनाचं बिल कोषागारातून निघायला वेळ लागतो, हे खरं, पण त्याचा भार तुमच्या घरावर किती महिने पडू द्यायचा ते तुम्ही आधी ठरवा. रोजच्या हजेरीची, कार्यालयाने सही केलेली प्रत जपून ठेवा. एजन्सीने पैसे बुडवले तर काम करून घेणाऱ्या कार्यालयाकडे दाद मागता येते, आणि तिथे ही हजेरीच तुमच्या बाजूने बोलते.

‘पुढे कायम करतील’ या आशेबद्दल मात्र मी कठोर बोलणार आहे. सरळसेवा भरतीच्या जाहिराती तुम्ही वाचता. त्यात वयोमर्यादेच्या तक्त्यात एक ओळ असते: सन १९९१ चे जनगणना कर्मचारी व १९९४ नंतरचे निवडणूक कर्मचारी, ४५ वर्षे. ती ओळ म्हणजे १९९१ ला घेतलेल्या आणि काम संपल्यावर घरी पाठवलेल्या माणसांच्या लढ्याची शिल्लक. आता हिशोब करा. १९९१ ला जो अठरा वर्षांचा होता तो २०२६ मध्ये त्रेपन्नचा झाला. म्हणजे जनगणना कर्मचाऱ्यांपुरती ही सवलत आज कोणालाच लागू पडू शकत नाही, तरी छापली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिनेशकुमार सक्सेना प्रकरणात सांगितलं की जनगणनेचं काम दहा वर्षांनी एकदा येतं, त्यासाठी घेतलेल्यांना कायम करता येणार नाही. पुढे जागा निघाल्या तर पात्र असलेल्यांचा विचार वयाची सूट देऊन करावा. त्याच न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर तर मागच्या दाराने कायम होण्याची वाट आणखी अरुंद झाली. आणि तुम्ही शासनाच्या नव्हे, एजन्सीच्या पगारावर असणार. तेव्हा काम संपल्यावर कार्यालयाच्या जावक क्रमांकासह अनुभवाचं प्रमाणपत्र मागून घ्या. पुढच्या खाजगी किंवा कंत्राटी नोकरीला त्याचा उपयोग होतो. त्यापलीकडे त्याच्यावर काही बांधू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, थांबायचं की दुकानातली नोकरी धरायची. हे घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला माहीत नाही. घर तुमच्या पगारावर चालणार असेल तर नोकरी धरा, आजच. जनगणनेचा पहिला टप्पा, घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये प्रत्येक राज्याने निवडलेल्या तीस दिवसांत, आणि प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये, १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून. माणसं लागतात ती या टप्प्यांच्या तयारीला, आणि मध्येच कोणी सोडून गेलं की. माझ्या अनुभवात सोडून जाणारे दर वेळी निघतात: कोणाची निवड होते, कोणाचं लग्न ठरतं, कोणी पगार लांबला म्हणून कंटाळतो. त्यामुळे योग्य एजन्सीकडे नाव असेल तर दुकानात बसूनही फोन येऊ शकतो. फोन नाही आला तर तुमचं काही बुडालेलं नसेल.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू असेल तर मात्र एक लक्षात घ्या. मोजणीच्या महिन्यात चार्ज कार्यालयात रात्रीचे नऊ वाजतात, रविवार नसतो. त्या काळात मुख्य परीक्षा असेल तर हे काम घेऊ नका, दुकानच बरं.

थोडक्यात क्रम असा लावा: आज १९३० वर तक्रार, या आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयातून एजन्सीचं नाव, मग त्या एजन्सीकडे नाव नोंदणी आणि पोचपावती. आत्ताच्या एजन्सीकडे मूळ कागदपत्रं दिली असतील तर ती आधी परत आणा. मूळ दाखले कोणत्याही एजन्सीने ठेवून घ्यायचे नसतात, स्वसाक्षांकित प्रती पुरतात. कार्यालयात टोलवाटोलवी झाली तर इथेच लिहा, माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा मी करून देतो. फक्त तुमचं चार्ज कार्यालय तहसील आहे की नगरपालिका, तेवढं कळवा, कारण जन माहिती अधिकारी त्याप्रमाणे बदलतो.